यंत्रमानवांची चित्रमालिका काढताना: पात्ररचना आणि रंगांतील चुका कशा टाळाव्यात

पेडण्याकडच्या एखाद्या देवळाच्या जत्रेत दशावतारी काला रंगात आला, की संकासुर कोणता हे कोणाला विचारावे लागत नाही. काळा वेश, तोंडावर काळे कापड आणि त्यावरून लोंबणारी लाल जीभ, एवढ्यावर शेवटच्या रांगेत आजीच्या मांडीवर पेंगणारे मूलसुद्धा त्याला ओळखते. त्याचा चेहरा दिसत नाही, तरीही तो दुसरा कोणी वाटत नाही. यंत्रमानवांची चित्रमालिका काढू इच्छिणाऱ्याने हे दृश्य आधी नीट मनात साठवावे. माणसांच्या चित्रकथेत नाक, केस, कपाळावरच्या आठ्या, उभे राहण्याची ढब असा ओळखीचा मोठा साठा चित्रकाराच्या हाताशी असतो. एखाद्या चौकटीत सदऱ्याचा रंग चुकला, तरी वाचक पात्र ओळखून पुढे जातो. यंत्रमानवाजवळ यांतले फारसे काही नसते. त्याचा आकार आणि त्याचा रंग हाच त्याचा चेहरा असल्यामुळे खांद्याचा रंग बदलला, तर वाचकाला रंगाची चूक झाली असे वाटत नाही. दुसरेच कोणी बोलत आहे असे वाटते.

मी फोंड्यात सुट्टीच्या दिवसांत मुलांना चित्रकथा शिकवतो आणि आपल्याकडच्या यंत्रांवर बेतलेल्या यंत्रमानवांची एक लहान मालिकाही काढतो. तिच्यात मांडवीतल्या खनिजवाहू बार्जचा झालेला तारू आहे, दोन जुळे ट्रॉलर बांगडा आणि तारली आहेत, चिरेखाणीतल्या दगड कापणाऱ्या यंत्राचा चिरा आहे आणि मोटरसायकलचा झालेला पायलट आहे (गोव्यात भाड्याने मोटरसायकलवरून प्रवासी नेणाऱ्याला पायलट म्हणतात). पुढील पायऱ्यांतील बहुतेक उदाहरणे या पाच जणांची आहेत, कारण त्यांच्या बाबतीत मी केलेल्या चुका मला पान आणि चौकटीसह पाठ आहेत.

पहिली पायरी: रंगाआधी आकार

नवोदिताचा हात आधी रंगांकडे जातो. तो थांबवावा. प्रत्येक पात्र एका कागदावर पूर्ण काळ्या छायेत भरून पाहावे आणि सगळ्या छाया एका ओळीत मांडून, ज्याने ही पात्रे एकदाच पाहिली आहेत अशा माणसाला नावे विचारावीत. दोन छायांत तो घुटमळला, तर त्या दोन पात्रांचा आराखडा बदलावा लागतो. रंगाने ही उणीव झाकता येत नाही, कारण रात्रीचा प्रसंग, धूर किंवा दूरचे दृश्य आले की रंग हरपतो आणि केवळ आकार उरतो.

यानंतरची कसोटी मी आपल्याकडच्या काव कलेवरून घेतली आहे. गोव्यातील आणि कोकणातील जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव हा एकच तांबडा रंग वापरून वेली, पशुपक्षी आणि देवदेवता कोरलेल्या दिसतात. तिथे दुसरा रंगच नसल्यामुळे कलाकाराला गरुड कोणता आणि हनुमंत कोणता हे रेषेने आणि भरीव-पोकळ जागांच्या वाटणीनेच सांगावे लागते. तुमचा यंत्रमानवही असाच एका तांबड्या रंगात रंगवून पाहा. छातीची पट्टी, डोळ्यांची खाच, हाताचा पंजा यांतले काय भरावे आणि काय कोरे ठेवावे हे तुम्हाला सहज ठरवता आले, तर आराखडा पक्का झाला असे समजावे. सगळेच भरावेसे वाटत असेल, तर अंगावर तपशील फार झाले आहेत. गंज, बोल्ट आणि नळ्या काढण्याचा मोह सर्वांना होतो. पण मालिकेच्या चाळीस पानांत तेच चौदा बोल्ट चाळीस वेळा अचूक काढणे कोणालाही जमत नाही, आणि एक बोल्ट हलला की चूक दिसते.

दुसरी पायरी: यंत्राचे अवयव कुठे जातात

वाहनाचा यंत्रमानव होत असेल, तर वाहनाच्या प्रत्येक मोठ्या भागाचा हिशेब आधी लिहून काढावा. बार्जला लांबलचक सपाट बूड असते, मध्ये खनिज भरण्याची उघडी पोकळी असते आणि चालकाची खोली मागच्या टोकाला असते. तारू उभा राहतो तेव्हा ही खोली डोके होते, पोकळी छाती होते आणि बुडाचे दोन भाग होऊन पाय बनतात. हे एकदा ठरले, की तारूच्या पायांच्या बाहेरच्या बाजूला पाण्याच्या रेषेखालचा तांबडा रंग येणारच आणि तो छातीवर कधीही येणार नाही. अशी कारणे माहीत असली, की रंग पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

या बाबतीत ट्रान्सफॉर्मर्स मालिकेचे उदाहरण अभ्यासावे. ताकारा या जपानी कंपनीची रूप बदलणारी खेळणी हॅस्ब्रोने अमेरिकेत नव्या नावांनी आणली आणि १९८४ साली मार्व्हलने त्यांची चित्रकथा सुरू केली. ती १९९१ पर्यंत ८० अंक चालली. तिच्यातील पात्रांचा जन्म कथेतून झाला नव्हता, खेळण्यांतून झाला होता, आणि पात्ररचनेतील बऱ्याच अडचणी तिथूनच आल्या. आयर्नहाइड आणि रॅचेट यांची खेळणी एकाच साच्याची होती आणि त्यांना डोके म्हणावे असा भागच नव्हता. काचेमागे चिकटवलेला एक चेहरा तेवढा होता. संवाद बोलायचे तर तोंड हवे, म्हणून ॲनिमेशनसाठी त्यांना नवी डोकी द्यावी लागली. ऑप्टिमस प्राइम ट्रकमधून उभा राहिला, की त्याचा ट्रेलर कुठे जातो याचे उत्तर ॲनिमेशनमध्ये मिळत नाही, तो नाहीसा होतो. मेगाट्रॉन तर डोंगराएवढा उभा असतो आणि पिस्तूल होऊन दुसऱ्याच्या हातात मावतो. इतक्या लोकप्रिय मालिकेला हे चालून गेले, म्हणून नवोदिताने ते गृहीत धरू नये. तुमच्या वाचकाला अजून तुमच्यावर विश्वास बसायचा आहे, आणि उरलेला भाग कुठे गेला हा प्रश्न लहान मुले सर्वांत आधी विचारतात.

तिसरी पायरी: नमुनापत्रक

प्रत्येक पात्राचे एक नमुनापत्रक करावे. त्यात समोरून, पाठीमागून, दोन्ही बाजूंनी आणि तिरपे असे चित्र असावे, डोके आणि पंजा वेगळे मोठे काढलेले असावेत, आणि सर्व पात्रे एका आडव्या रेषेवर शेजारी उभी करून उंचीचा तक्ता जोडलेला असावा. पाठीची बाजू बहुतेक जण टाळतात. पाचव्या पानावर पात्र पाठमोरे होते, चित्रकार तिथे काहीतरी सुचेल ते काढतो, आणि अकराव्या पानावर वेगळेच काहीतरी सुचते.

दोन्ही बाजू सारख्या नसलेल्या पात्रांची काळजी अधिक घ्यावी. पायलटच्या डाव्या दंडावर मोटरसायकलचा आरसा आहे आणि उजव्या पोटरीवर सायलेन्सर. संगणकावर चौकटीची रचना उलटी करून पाहण्याची सवय चांगली आहे, परंतु चित्र तसेच उलटे ठेवले, तर आरसा उजवीकडे जातो आणि छातीवरचा क्रमांक आरशातल्यासारखा उमटतो. नमुनापत्रकावर «डावा» आणि «उजवा» हे शब्द पात्राच्या बाजूने लिहावेत, पाहणाऱ्याच्या बाजूने लिहू नयेत, आणि तसे लिहिले आहे हेही पत्रकाच्या डोक्यावर नमूद करावे. दोघे मिळून काम करत असतील, तर या एका ओळीने अर्धी भांडणे वाचतात.

चौथी पायरी: रंगांची निवड

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा असे माझे मत आहे, म्हणून मीही इथे थोडा रेंगाळतो.

गोव्यात रस्त्याच्या कडेला मोटरसायकल घेऊन उभा असलेला पायलट आपण लांबून कसा ओळखतो? पुढचा पिवळा मडगार्ड दिसतो. बाकीची गाडी काळी असो, जुनी असो, चिखलाने माखलेली असो, तो एक पिवळा तुकडा पुरतो. प्रत्येक यंत्रमानवाला असा एक तुकडा हवा: अंगावर थोडाच, पण जवळजवळ प्रत्येक कोनातून दिसणारा आणि दुसऱ्या कोणाच्याही अंगावर नसलेला. मी प्रत्येक पात्राला एक प्रमुख रंग, एक जोडरंग आणि हा ओळखीचा तुकडा एवढेच देतो. डोळ्यांचा रंग यांपेक्षा वेगळा आणि उजळ ठेवतो, कारण डोळे धातूच्या रंगात मिसळले की पात्र झोपल्यासारखे दिसते. चौथा किंवा पाचवा रंग वाढवण्याची इच्छा झाली, तर ती पुढच्या पात्रासाठी राखून ठेवावी.

यंत्रमानव म्हटला की राखाडी रंग, ही समजूत अनेक चुकांचे मूळ आहे. जुन्या अमेरिकी चित्रकथांच्या छपाईत निळसर, किरमिजी आणि पिवळी या तीन शाया प्रत्येकी शून्य, २५, ५० किंवा १०० टक्के या मात्रांत वापरल्या जात आणि काळी शाई मुख्यतः रेषांसाठी असे. म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार अशा ६४ छटांत सारे जग बसवावे लागे. राखाडी रंग मिळवायचा तर तीनही शाया फिक्या मात्रेत एकत्र आणाव्या लागत, आणि एखादी शाई किंचित अधिक उतरली की तो हिरवट किंवा गुलाबीसर होई. १९६२ साली मार्व्हलचे हल्क हे पात्र पहिल्या अंकात राखाडी होते. छपाईत त्याची छटा पानापानाला बदलू लागल्यामुळे दुसऱ्या अंकापासून ते हिरवे करण्यात आले. एका पात्राचा रंगच बदलून टाकावा लागावा इतका राखाडी रंग बेभरवशाचा होता. आजची छपाई कितीतरी सुधारली आहे, तरीही दुसरी अडचण कायम आहे: पाच पात्रे पाच प्रकारच्या राखाडी रंगांत असतील, तर वाचकाला ती पाच दिसत नाहीत. धातू दाखवायचा असेल, तर पात्राच्या प्रमुख रंगातच एक पांढुरकी, कडक कडेची झळाळी द्यावी. निळा धातू निळाच राहतो आणि तरी लोखंडासारखा दिसतो.

रंग ठरले, की सर्व पात्रांचे एकत्र चित्र संगणकावर कृष्णधवल करून पाहावे. निळा आणि तांबडा डोळ्यांना अगदी वेगळे वाटतात, परंतु कृष्णधवल चित्रात ते पुष्कळदा एकाच गडदपणाचे निघतात. शेजारी उभी राहणारी दोन पात्रे गडदपणातही वेगळी असली पाहिजेत. रंगांध वाचकांसाठीही ही कसोटी आवश्यक आहे, आणि शाळेत तुमचे पान झेरॉक्स करून वाटले जाणार असेल, तर त्याहून आवश्यक.

जुळी पात्रे

एकाच साच्याची पात्रे निर्माण करणे सोपे आणि सांभाळणे अवघड असते. ट्रान्सफॉर्मर्समधली स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प ही तीन विमाने एकाच साच्याची होती. राखाडी-तांबडा, निळा आणि काळा-जांभळा एवढ्यावरच त्यांची ओळख उभी होती, म्हणून रंग देणाऱ्याचा हात एकदा चुकला की एक विमान दुसरे होऊन जाई. बंबलबी पिवळा आणि क्लिफजंपर तांबडा असे कथेत ठरलेले असताना, सुरुवातीच्या काळात दुकानांत तांबडा बंबलबी आणि पिवळा क्लिफजंपरही विकला जात होता. खेळणे हातात घेऊन चित्रकथा वाचणाऱ्या मुलाने कोणावर विश्वास ठेवावा?

माझी चूक याहून साधी होती. बांगडा आणि तारली दोघेही निळे. एकाच्या कमरेला नारिंगी पट्टा आणि दुसऱ्याच्या कमरेला पिवळा. दिवसाच्या प्रसंगांत हे ठीक दिसले. दुसऱ्या अंकात बेतूलच्या किनाऱ्यावर संध्याकाळ होते, तिथे मी संपूर्ण पानावर मावळतीच्या उजेडाचा नारिंगी थर चढवला, आणि पिवळा पट्टा अलगद नारिंगी झाला. अंक वाचून सातवीतला एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, «सर, बांगडा तर मागच्या पानावर बुडाला ना? मग हा बोलतो कसा?» बोलत होती तारली, भावाच्या शोकात. कथेतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग एका पट्ट्यामुळे वाया गेला होता. आता तारलीचा पट्टा पांढरा आहे, तिच्या पाठीवर जाळे ओढण्याच्या दोन आडव्या दांड्या आहेत ज्या भावाला नाहीत, आणि तिचा निळा रंग त्याच्यापेक्षा दोन छटा फिका आहे. जुळ्यांमध्ये रंगाचा, गडदपणाचा आणि आकाराचा असे तिन्ही फरक ठेवावेत, म्हणजे एखाद्या प्रसंगात एक फरक हरवला, तरी दुसरा हाताशी राहतो.

पाचवी पायरी: रंगनोंद आणि रंग भरणे

रंगाला नुसते नाव देऊ नये. «निळा» म्हटले की मदतीला आलेला प्रत्येक जण आपापला निळा काढतो. प्रत्येक रंगाचा सांकेतिक क्रमांक आणि छपाईच्या चार शायांचे टक्के वहीत लिहावेत आणि तेच रंग सॉफ्टवेअरमध्ये एका पॅलेटमध्ये साठवून ठेवावेत. क्रिता हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि त्यात हे सारे करता येते. मागच्या पानावरून आयड्रॉपरने रंग उचलण्याची सवय मात्र मोडावी, कारण तिथे सावलीचा किंवा उजेडाचा थर चढलेला असतो. उचललेला रंग मूळचा नसतो, आणि पानागणिक तो घसरत जातो. तारूचा तांबडा रंग माझ्या पहिल्या अंकात असाच पान १ पासून पान २० पर्यंत विटकरी होत गेला होता.

रेषांच्या थराखाली आधी सपाट रंग भरावेत, कडा मऊ होणार नाहीत अशा पेन्सिलने भरावेत आणि तो थर कुलूपबंद करावा. सावली, झळाळी आणि वातावरणाचा उजेड यांसाठी वेगवेगळे थर असावेत. वातावरणाचा थर चढवल्यावर ओळखीचा तुकडा नमुनापत्रकाशी ताडून पाहावा. हवे तर त्या तुकड्यावरून तो थर थोडा पुसावा. निसर्गात असे होत नाही हे खरे, पण वाचकाला सूर्यास्तापेक्षा पात्र ओळखू येणे अधिक महत्त्वाचे आहे.

गर्दीच्या चौकटींबद्दल दोन शब्द. मार्व्हलच्या त्या जुन्या मालिकेत पार्श्वभूमीला उभी असलेली पात्रे पुष्कळदा एकाच सपाट रंगात, सगळी निळी किंवा सगळी जांभळी, रंगवलेली दिसतात. पात्रे डझनावारी, प्रत्येकाचे रंग वेगळे, आणि अंक ठरलेल्या दिवशी गेलाच पाहिजे, अशा परिस्थितीत ती वाट निवडण्यात मला गैर वाटत नाही. लांबची गर्दी एका रंगात सोडली, तर पुढचे पात्र उठूनही दिसते. फक्त त्या गर्दीत बोलणारा कोणी नसावा. संवादाचा फुगा ज्याच्याकडे निर्देश करतो, त्याला त्याचे स्वतःचे रंग मिळालेच पाहिजेत.

सहावी पायरी: छपाईला देण्यापूर्वी

पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. पडद्यावरचा चमकदार निळा छपाईच्या शायांत बसत नाही आणि जांभळा होऊन येतो. मी बांगड्याचा निळा १०० टक्के निळसर आणि ९० टक्के किरमिजी असा दिला होता. छापखान्यातून शंभर प्रती जांभळ्या आल्या, आणि दोष छापखान्याचा नव्हता. निळ्यासाठी किरमिजी शाई निळसर शाईपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवावी. काळ्या रेषा आणि संवादाची अक्षरे केवळ काळ्या शाईत असावीत, म्हणजे कागद किंचित सरकला तरी अक्षरांना रंगीत कडा येत नाहीत. चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज गुळगुळीत कागदावर ३०० च्या आत आणि वर्तमानपत्री कागदावर सुमारे २४० च्या आत राहावी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते, की जड शाई लवकर वाळत नाही आणि समोरच्या पानाला लागते. चतुर्थीला अंक काढायचा असेल, तर काळ्या रात्रीची पाने शक्यतो टाळावीत किंवा छपाई महिनाभर आधी उरकावी. रंगीत पाने इंचाला ३०० बिंदू आणि रेषाचित्रे ६०० बिंदू या मापाने द्यावीत, चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा रंग सोडावा, आणि प्रत्यक्ष त्याच कागदावर एक पान छापून ते उन्हात, घराबाहेर पाहावे.

सातवी पायरी: तपासणी

पानामागून पान तपासले, तर डोळा कथेत गुंततो आणि चुका सुटतात. त्याऐवजी एका वेळी एकच पात्र घ्यावे, त्याचे नमुनापत्रक शेजारी ठेवावे आणि पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत फक्त तेच पाहत जावे. पाच पात्रे असतील, तर पाच फेऱ्या होतात. वीस पानांच्या अंकाला मला एक दुपार लागते. त्यानंतर संवाद झाकून पाने दुसऱ्या कोणाला तरी द्यावीत आणि प्रत्येक चौकटीत कोण आहे हे त्याच्याकडून वदवून घ्यावे. हा वाचक आपल्या घरातला नसावा, कारण घरच्यांना पात्रे आपल्याइतकीच पाठ झालेली असतात.

छापून झाल्यावर सापडलेल्या चुकीसाठी पुढच्या अंकात कथेतून सबब शोधू नये. चिऱ्याने मध्येच रंग बदलला, असे सांगत बसल्याने एका चौकटीची चूक मालिकेला कायमची चिकटते. ती वहीत नोंदवावी आणि पुनर्मुद्रणात दुरुस्त करावी. माझ्या वहीतली सध्याची शेवटची नोंद अशी आहे: अंक ४, पान ११, चौकट ३, पायलट पाठमोरा, सायलेन्सर डाव्या पोटरीवर, मूळ चित्र उलटे ठेवले गेले, चित्र सरळ करून क्रमांक पुन्हा लिहिणे.